डस्टी अशी हाक

नौदलाचं इस्पितळ, चॅटम
२१ नोव्हेंबर १९१६

श्री. जोसाया मिलर यांना,

तुमची माझी ओळख नाही. मी हर्बर्ट क्लार्क, तुमच्या मुलाच्या जहाजावरचा. आम्ही दोघं खाली भट्टीत कोळसा मारायचो. सरकारी तार तुम्हाला पोचली असेल. तारेत दोन ओळी असतात आणि त्यात माणूस नसतो, म्हणून आम्ही वाचलेल्यांनी ठरवलं, की ज्याची झोपायची झोळी आपल्या शेजारी टांगलेली असायची त्याच्या घरी आपण लिहायचं. माझ्या शेजारी डस्टी असायचा.

जहाजाचं नाव लिहायची मनाई आहे. शत्रूने समुद्रात पेरलेले सुरुंग वेचायचं आमचं काम. त्या सकाळी दाट धुकं होतं. पाळी संपवून आम्ही वर कोको पीत उभे होतो, तेवढ्यात एक सुरुंग आम्हालाच वेचून गेला. डस्टीने कठड्यावरून उडी टाकलेली मी पाहिली. मला एका तराफ्यावर ओढून घेतलं. त्याला नंतर कोणी पाहिलं नाही. हिवाळ्यात तिथलं पाणी माणसाला फार वेळ छळत नाही, एवढं सांगू शकतो. माझ्या पायाची बोटं गेली, बाकी बरा आहे.

डस्टी बोलायचा कमी. पण कुणाला ताप भरला की न सांगता त्याची पाळी उचलायचा, आणि आभार मानायला गेलं की खेकसायचा, "जा रे, झोप." पत्त्यांत हरला की हसायचा आणि जिंकला की ओशाळायचा, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. डस्टी कुठाय, डस्टीला हाक मारा, हे आमच्याकडे दिवसभर चालायचं. त्याच्याबद्दल वाईट बोलणारं जहाजावर कोणी नव्हतं. हे तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तुमच्या डस्टीचा सोबती,
नॉबी क्लार्क


हॉल्सबी, नॉरफोक
२ डिसेंबर १९१६

क्लार्क यांना,

मी हेस्टर, जोसाया मिलर यांची मुलगी. बाबांना आता दिसत नाही. गिरणीच्या दगडांना टाकी लावता लावता एक डोळा ठिणगीने गेला, दुसऱ्यात मोतीबिंदू आहे. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, आणि हेही त्यांच्यासमोर बसूनच लिहिते आहे.

माझा भाऊ रूबेन घर सोडून गेला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून या घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. तार आली तेव्हा बाबा "बरं" म्हणाले आणि धान्य चाळायला निघून गेले. तुमचं पत्रसुद्धा ते उभ्यानेच ऐकत होते. "माझ्या शेजारी डस्टी असायचा" इथे मी आले तेव्हा खुर्ची चाचपून खाली बसले. "काय म्हणायचे त्याला? पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. पुढचं ते सांगतात तसं लिहिते.

"क्लार्क, तुमचे उपकार झाले. आमचं आडनाव मिलर, म्हणजे गिरणीवाले. पण आडनावावर काय आहे? आमच्या बाजारात एक मिलर मासे विकतो, एक कपडे शिवतो. त्यांना कोणी डस्टी म्हणत नाही. डस्टी म्हणजे पिठाच्या धुरळ्याने माखलेला. माझ्या पोराला तुम्ही डस्टी म्हणत होतात, म्हणजे आपण गिरणीतले, हे त्याने स्वतः तुम्हाला सांगितलेलं असणार. जाताना तो मला म्हणाला होता, 'कोळसा ओढीन, पण यापुढे अंगावर पीठ पडू देणार नाही.' मी म्हणालो, 'पिठाची लाज वाटते त्याने या घरच्या पावाला हात लावू नये.' त्यानंतर आम्ही बोललो नाही. त्याचं मन पुन्हा गिरणीकडे फिरलं होतं, हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. आता एवढंच सांगा, गिरणीबद्दल तो काय काय बोलायचा? मी ती विकायला काढली होती. आता विकत नाही."

वरचं सगळं बाबांचं. चार वर्षांत ते माझ्याशी सलग एवढं बोलले नव्हते.

हेस्टर मिलर


चॅटम
११ डिसेंबर १९१६

मिलरबाबा,

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. होय, डस्टी गिरणीबद्दल बोलायचा. नेहमी नाही, पण समुद्र शांत असला आणि आम्ही वर हवा खायला बसलो, की विषय निघायचा. म्हणायचा, "नॉबी, मला इथे झोप लागत नाही. आमच्याकडे उशाला ओढ्याचं पाणी असतं आणि ते मोठं चाक फिरत असतं, त्या आवाजात काय झोप लागते!" तुमच्याबद्दल म्हणायचा, म्हातारा कडक आहे पण दळण त्याच्यासारखं कोणाचं नाही. एकदा जहाजावरच्या पावाचा तुकडा मोडून म्हणाला, "याला काय पीठ म्हणायचं? हे आमच्या बाबांनी कोंबड्यांनासुद्धा घातलं नसतं."

सुटी मिळाली की घरी जाऊन यायचं असं त्याच्या मनात होतं. मला म्हणाला होता, तूही चल. आम्ही आलो असतो. पण जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. आम्ही सुपात होतो तोवर हसून घेतलं.

माझा पाय सुधारतो आहे. तब्येतीला जपा.

तुमचा,
नॉबी क्लार्क


हॉल्सबी
२० डिसेंबर १९१६

क्लार्क यांना,

हे पत्र माझं एकटीचं आहे. बाबा शेजारी नाहीत.

आमची गिरणी पाण्यावर चालत नाही. ती पवनचक्की आहे. दोन मैलांत ओढा नाही. उन्हाळ्यात प्यायचं पाणी मी आडातून शेंदून आणते. तुमच्या पत्रातलं ते चाक आणि तो ओढा आला तेव्हा माझी जीभ अडली. मग मी चाकाच्या जागी पाती केली आणि पाण्याच्या जागी वारा घातला. बाबा म्हणाले, "बरोबर. वारा पडला की तो लहानपणी दचकून उठायचा." म्हणजे तुम्ही एक थाप मारलीत, मी तिला ठिगळ लावलं, आणि बाबांनी ती आपल्या आठवणीत शिवून टाकली.

मला राग आलेला नाही. निदान फारसा नाही. बाबा बदलले आहेत. सकाळी उठून दाढी करतात. चॅपलमध्ये लोकांना थांबवून सांगतात, "माझ्या रूबेनला जहाजावर डस्टी म्हणायचे." गिरणीचा एक जुना झिजलेला दगड त्यांनी अंगणात काढून घेतला आहे. त्यावर बोटांनी चाचपत ते अक्षरं खोदताहेत. वर 'रूबेन मिलर' नाही, नुसतं 'डस्टी'. मी म्हटलं, "बाबा, बाप्तिस्म्याचं नाव घालायला हवं ना?" तर म्हणाले, "ते मी ठेवलेलं. हे त्याने स्वतः घेतलेलं."

रूबेनने हे नाव घेतलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. मी त्याची थोरली बहीण, आई गेल्यावर त्याला मीच वाढवलं. खरं काय ते मला लिहा. वाचून दाखवण्याचं काम माझं आहे, त्यामुळे काळजी नको. आणि मला मिस मिलर वगैरे काही लिहू नका.

हेस्टर


चॅटम
४ जानेवारी १९१७

हेस्टरताई,

चार कागद फाडले, तेव्हा हा लिहून झाला. तुम्ही मला पाण्याच्या चाकासकट पकडलंत. आता सरळच सांगतो.

नौदलात डस्टी हे नाव कोणी घेत नाही आणि कोणी देत नाही. ते असतंच. आडनाव मिलर असलं, की जहाजावर पाय ठेवल्याबरोबर तुम्ही डस्टी. व्हाइट असलात की चॉकी, म्हणजे खडूसारखे पांढरे, मग तुम्ही कोळशासारखे काळे का असेनात. मी क्लार्क, म्हणून नॉबी. माझा बाप हलमध्ये कोळशाची गाडी हाकतो आणि मी कचेरीची पायरी चढलेलो नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर एक जुना तोफवाला आहे, शिडाच्या जहाजांपासूनचा. त्याला विचारलं. तो म्हणाला, क्लार्क म्हणजे मूळचे कारकून. लंडनच्या कारकुनांचं पोट खपाटीला, पण साहेबाने सांगितलं म्हणून डोक्यावर बड्या लोकांसारखी उंच टोपी घालायची. हमाल त्यांना चिडवायचे, "या नॉबसाहेब, या!" नॉब म्हणजे बडी असामी. त्याचं नॉबी झालं, आणि ते सगळ्या क्लार्कांना कायमचं चिकटलं. खरंखोटं तो जाणे.

तुमच्या नावाचं त्याला विचारलं तेव्हा तो आधी हसला. म्हणाला, "मिलर लोक पिठाने माखलेले, म्हणून डस्टी, असं सभ्य माणसं सांगतात. पण माझी आजी वेगळं सांगायची. पूर्वी दळणाबद्दल गिरणीवाला पोत्यातलं मूठभर पीठ ठेवून घ्यायचा. मूठ किती मोठी, हे त्याचं त्याला ठाऊक. म्हणून बाजारात बायका टोमणा मारायच्या, 'मेल्याच्या अंगावर बघा केवढा धुरळा, आपल्याच पोत्यातला दिसतोय.'" त्याच्या पहिल्या जहाजावर तीन डस्टी होते, मोठा, धाकटा आणि तिरळा. एक बुडाला, तर पुढच्या बंदरात दुसरा डस्टी चढला आणि त्याची झोळीही त्याला मिळाली. पाचशे माणसांत बाप्तिस्म्याची नावं कोण पाठ करत बसणार, ताई? आडनाव बघायचं आणि हाक मारायची. अधिकाऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे तेच करतात.

तुमचा भाऊ आला त्या दिवशी मीच पहिल्यांदा म्हटलं, "ये डस्टी, इथे टांग झोळी." त्याने माझ्या डोळ्यावर ठोसा मारला. आम्ही सगळे खो खो हसलो, कारण नुकताच भट्टीतून आलेला तो नखशिखांत काळा होता आणि आम्ही त्याला डस्टी म्हणत होतो. मग तर सगळं जहाज म्हणायला लागलं. पुढे कितीतरी दिवस त्या हाकेला तो ओ देत नसे. समोर जाऊन खांद्याला हात लावावा लागायचा. खूप नंतर, एकदा पत्ते खेळताना, मला म्हणाला, "मी एवढ्या लांब पळून आलो, तर पीठ माझ्याआधी येऊन बसलेलं." शाळेत पोरं त्याच्या कोटावर काठ्या मारून धूळ उडवायची आणि म्हणायची, "आमच्या आईचं पीठ परत दे, चोरा." गिरणीबद्दल तो मला जे बोलला ते इतकंच. नंतर ओ द्यायला लागला. पण आवडीने नाही.

त्या सकाळचं एक राहिलं. तराफ्यावरून मी "डस्टी, डस्टी" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलो. धुक्यात डोळ्यांसमोरचा हात दिसत नव्हता. ओ आली नाही.

हे म्हाताऱ्यांना वाचू नका. ठिगळं लावा. तुम्ही माझ्यापेक्षा चांगली लावता.

नॉबी


हॉल्सबी
१८ मार्च १९१७

नॉबी,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

मी ठिगळं लावली होती. तुमचं पत्र पाकिटात ठेवून बाबांना सांगितलं, क्लार्कचा पाय बरा होतोय, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. दगड फेब्रुवारीत पुरा झाला. अक्षरं वेडीवाकडी होती पण खोल होती. बाबा तो दाराशी उभा करून त्याच्याजवळ बसायचे आणि दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हात लावून बघायला सांगायचे.

मागच्या आठवड्यात पलटणीसाठी पीठ न्यायला एक गाडी आली. बरोबर सार्जंट होता, चांगला हसरा माणूस. दगड बघून म्हणाला, "अरे वा, आमच्याकडेही एक डस्टी मिलर आहे!" बाबा एकदम ताठ झाले. "कुठल्या गिरणीतला?" सार्जंट म्हणाला, "गिरणी कसली आजोबा? लंडनचा न्हावी आहे तो. पलटणीत काय, नौदलात काय, सगळे मिलर डस्टीच." त्याच्या मनात काही नव्हतं. त्याने बाबांना तंबाखू दिली आणि पोती मोजून गेला.

जेवताना बाबा म्हणाले, "हेस्टर, ती सगळी पत्रं आण. आणि आता जसं लिहिलंय तसं वाच." मी म्हटलं, "बाबा, राहू द्या." ते म्हणाले, "माझे डोळे गेलेत, कान नाही गेले. तू वाचताना कुठे अडखळतेस ते मला पहिल्यापासून कळतं." मग मी वाचलं. ओढा वाचला, चाक वाचलं, मोठा, धाकटा आणि तिरळा वाचलं, ठोसा वाचला, कोटावरच्या काठ्या वाचल्या. काठ्यांचं मलाही माहीत नव्हतं. रूबेनने कधी सांगितलं नव्हतं. तो रोज सकाळी म्हणायचा, "कोट झटकून जाऊ दे." आणि बाबा म्हणायचे, "पीठ म्हणजे घाण नव्हे, तसाच जा." मीच त्याच्या हातात डबा द्यायचे.

सगळं ऐकून बाबांनी चहा संपवला. दुसऱ्या दिवशी दगड आडवा पाडला आणि टाकी घेऊन बसले. एकदा टाकी बोटावर बसली, मी बांधायला गेले तर हात ओढून घेतला. नाव गेलं. त्या जागी त्यांनी दळणाच्या खाचा पाडल्या आणि गिरणीतला फुटका दगड काढून हा बसवला. आता त्यावर जव दळतो.

पण हे सांगायला मी बसलेली नाही. बाबांनी एकच गोष्ट धरली आहे आणि ती सुटत नाही. म्हणतात, "तो त्या नावाला ओ देत नसे. क्लार्कनेच लिहिलंय. तो हट्टी होता, माझ्यावर गेलेला. पाण्यात असताना 'डस्टी' ऐकलं असेल, पण वळला नसेल. ते नाव त्याला कडू कोणी केलं? मी केलं." मी म्हणते, बाबा, मरणाच्या दारात कोणी असा हट्ट करतं का? ते म्हणतात, "तू ओळखत नाहीस त्याला. 'रूबेन' म्हटलं असतं तर आला असता." जेवत नाहीत. रात्रंदिवस तेच. वारा असूनही काल पाती बांधून ठेवली. त्यांना तुम्हाला विचारायचं आहे, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिते: "क्लार्क, तुम्ही त्याला रूबेन म्हणून हाक मारली होती का? एकदा तरी?"

काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मला आता ठिगळ लावता येणार नाही, ते मी वाचताना ओळखतात.

हेस्टर


हल
२९ मार्च १९१७

मिलरबाबा,

मी आता घरी आलो आहे. पाय आखूड झाला, काठीने चालतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

होय. आधी मी "डस्टी" म्हणून ओरडलो, सवयीने. ओ आली नाही. मग मला आठवलं की त्याने एकदा आपलं खरं नाव सांगितलं होतं. म्हणून मी "रूबेन!" अशी हाक मारली. तेव्हा त्याने ओ दिली. डाव्या हाताला, फार लांब नाही. "इथे आहे, नॉबी," असं म्हणाला. आवाजात भीती नव्हती. आम्ही हातांनी पाणी मारत तिकडे गेलो. पुन्हा एकदा हाक मारली, पुन्हा ओ आली, पण थोडी हळू. मग नाही आली. आम्ही पोचलो नाही, हा दोष आमचा आणि धुक्याचा. त्याने हट्ट केला नाही, बाबा. तो येत होता.

हर्बर्ट क्लार्क

(दुसरा कागद)

हेस्टरताई, पहिला कागद वाचायला आहे. हा फक्त तुम्हाला. तुमच्याशी खोटं बोलायला आता जीव होत नाही.

त्याचं नाव रूबेन होतं हे मला तुमच्या पहिल्या पत्रातून कळलं. चार वर्षं एकाच जहाजावर, झोळीला झोळी लागून, आणि मी कधी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. त्या सकाळी मी "डस्टी" एवढीच हाक मारली. कुठूनही ओ आली नाही. त्याने ऐकलं का, तेव्हा तो जिवंत होता का, मला माहीत नाही. माहीत असतं तर लिहिलं असतं, चांगलं असतं तरी, वाईट असतं तरी.

पहिला कागद मी रात्रभर घोकून लिहिला आहे, म्हणजे तुम्हाला कुठे अडखळायला होणार नाही.

नॉबी


हॉल्सबी
५ एप्रिल १९१७

नॉबी,

तुमचं पाकीट शुक्रवारी सकाळी आलं. बाबा चुलीपाशी बसले होते. मी पाकीट फोडलं आणि कागद उलगडले. दोन्ही मनातल्या मनात वाचले. बाबा वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "कागद किती आहेत?"

मी एक म्हणणार होते. पण त्यांना कागदाचा आवाज कळतो, हे आता मला माहीत आहे. म्हटलं, "दोन."

"दोन्ही माझ्यासाठी?"

मी दुसरा कागद पाकिटात परत घातला.

बाबांनी हात चुलीकडे धरले. मग म्हणाले, "दोनांतल्या एकात तो ओ देत असेल."

मी म्हटलं, "हो."

"तो वाच."

मी वाचला. दुसरा अजून पाकिटातच आहे, त्यांनी मागितला नाही. रविवारी चॅपलमधून आल्यावर म्हणाले, "परवाचा तो कागद पुन्हा वाच." "डाव्या हाताला" इथपर्यंत मी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि तोंड डावीकडे वळवून थोडा वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "हं, पुढे."

त्यांनी तुम्हाला सांगायला लावलं आहे, की तुम्ही फार चांगला मुलगा आहात, आणि यापुढे पत्र लिहिण्याचे कष्ट घेऊ नका.

हेस्टर